डोळ्यांना हात न लावणाऱ्या इनासला

इनास, पंधरा वर्षं मी तुला ‘मुडद्या’ म्हणून हाक मारली. ‘मुडद्या, सफेदा संपला.’ ‘मुडद्या, जेवायला ये, भाकरी काय तुझ्या तोंडात आणून घालू?’ तू ‘आयलों वैनी’ म्हणत हसत यायचास. आता ती शिवी मला वापरता येत नाही. दुसरी शोधते आहे, पण तुला शोभेल अशी सापडत नाही. म्हणून तूर्त नुसतं इनास.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पाटांवर गिऱ्हाइकांची नावं लिहिण्यापलीकडे माझ्या अक्षराला कधी काम पडलं नाही. तुला लिहिते आहे कारण बोलायला तू उरला नाहीस, आणि दुसऱ्या कुणाशी हे बोलले तर तो मला वेडी म्हणेल किंवा नालायक म्हणेल. दुसरं खरंच आहे.

तुला पुरलं त्या दिवशी मी आले नाही. रुळांच्या पलीकडे तुमच्या लोकांची जागा, आमच्या कर्जतच्या गणपतींच्या शाळेच्या ओट्यावरून तिथलं फाटकसुद्धा दिसतं. बाबूभावोजी डोक्यावर घोंगडी घेऊन दारात उभे राहिले, म्हणाले, ‘वहिनी, चला. आता कोण काय बोलणार आहे?’ मी म्हटलं, ‘पितांबरं ओली आहेत.’ आणि बसून बारा गणपतींची पितांबरं रंगवली. सगळा पिवळा रंग त्या दिवशी संपवला. रंग अर्धवट ठेवला की डाग पडतात, हे कारण मी जगातल्या कुणालाही पटवून देईन. मला स्वतःला पटलेलं नाही.

तू आलास तो रेल्वेतून. डब्यांवर आकडे आणि अक्षरं रंगवायचं काम होतं तुझं. फिरंग्यांच्या राज्यातला, गोव्यातल्या बारदेशचा किरिस्ताव. बाप चर्चमधले संत रंगवणारा, तूही तेच शिकलेला. गावच्या पाद्रीशी भांडून आलास, कारण एका संताला तू तुमच्या वाडीतल्या रेंदेराचा, ताडीच्या माडावर चढणाऱ्या माणसाचा, चेहरा दिला होतास. पाद्री म्हणाला पूस. तू म्हणालास, संत काय आभाळातून पडला? इतका हट्टी माणूस आमच्या यजमानांना आवडणारच. त्यांनी तुझं अक्षर एका डब्यावर बघितलं आणि तुला धरून घरी आणलं. ‘हा सोनेरी काम करील,’ म्हणाले. मी भाकऱ्या थापत होते. वर न बघता म्हटलं, ‘जात कुठली?’ तूच उत्तर दिलंस, ‘रंगाऱ्याची.’ बरं बोलत होतास तेव्हा. नंतर नंतर तोंडाला कुलूप घालून बसायला लागलास.

यजमान मानमोडीच्या साथीत गेले. गणपती विसर्जन होऊन महिना नव्हता झाला. त्या साथीत घराघरांतून माणसं गेली, माझं रडणंसुद्धा कुणाला वेगळं ऐकू गेलं नसेल. पुढल्या श्रावणात शाळा भरली, म्हणजे गणपतींची शाळा. लोकांनी आपापले पाट आणून ठेवले, माती मळली, मूर्ती झाल्या, रंगही झाले. आणि मग डोळ्यांशी येऊन गाडं अडलं. आमच्या धंद्यात डोळे शेवटी काढायचे. त्याला आखणी म्हणतात, आणि ती घरच्या मुख्य माणसानंच करायची. मूर्तीला डोळे दिले की ती बघायला लागते, तोवर नुसती माती. आता मुख्य माणूस कोण? बाबूभावोजी, तर त्यांचा हात ताडीनं इतका कापायचा की गणपतीच्या भुवईचा सुरवंट व्हायचा. मी विधवा. माझ्या हातचे डोळे कुणी घरात नेले नसते. आणि तू किरिस्ताव.

मग मी शाळेच्या मागच्या बाजूला गोणपाटाचा पडदा लावला. गिऱ्हाइकांना सांगितलं, ‘भावोजी आखणीला बसलेत, सोवळ्यात आहेत, हाक मारू नका.’ पडद्याआड तू डोळे काढायचास आणि भावोजी शेजारी घोरायचे. अकरा वर्षं हे चाललं.

पहिल्या वर्षीची तुझी फजिती मला मेल्यावरसुद्धा आठवेल. चर्चमधल्या संतांचे डोळे वर असतात, आभाळातल्या बापाकडे. तू आमच्या सगळ्या गणपतींना तसेच डोळे दिलेस! चौक गावचे पाटील गणपती बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत इथवर आले. ‘यमुने, देव आढ्याकडं बघतोय. आमी काय आढ्यावं बसतो व्हय?’ मी काहीतरी थाप मारली. रात्रभर तुला शिव्या घातल्या. करायला गेले गणपती आणि झालं माकड, असं म्हटलं. तू चिडला नाहीस, विचारात पडलास. दुसऱ्या दिवशी उठून चौकला गेलास, खालापूरला गेलास, घराघरांच्या अंगणात उभा राहून दारातून बघत बसलास की लोक देवासमोर बसतात कसे. तुला आत कोण घेणार होतं?

आणि मग पुढल्या वर्षापासून तुझे ते प्रश्न. पाट घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला. मखर किती उंच? म्हातारी पाटावर बसते की जमिनीवर? आरतीला कोण पुढे असतं? लोकांना वाटायचं, हा रंगारी उगाच चांभारचौकशा करतो. तू पाटाच्या कडेला खडूनं खूण करायचास, मूर्ती तेवढ्या उंचीवर ठेवायचास, आणि जमिनीवर उताणा पडून खालून वर बघत डोळे काढायचास. चिखलात, शाडूत, मुंग्यांत. खालच्या पापणीची रेघ काढताना श्वास धरायचास. रेघ संपली की ‘हां’ म्हणून सोडायचास, आणि मला पडद्याबाहेर कळायचं की आणखी एक देव बघायला लागला.

त्यानंतर तक्रार आली नाही. लोक म्हणायचे, ‘बाबूच्या हाताला काय गुण आलाय! देव घरात शिरला की वळखतो.’ भावोजी मान डोलवायचे. मीही डोलवायचे. तू मागं माती चाळत असायचास.

तू काही संत नव्हतास हां. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. एकदा एक मूर्ती तडकली होती, टाकूनच द्यायची होती, तिला मी हौसेनं डोळे काढून बघितले. तू माती मळणाऱ्या बायकांच्या देखत म्हणालास, ‘वैनी, हो गणपती न्हय, म्हस. तुमचा हात भाकरीचा.’ त्या बाया पोट धरून हसल्या. मी डिंकाचं भांडं फेकून मारलं, ते तुझ्या कानावर बसलं. रक्त पुसत तू म्हणालास, ‘नेम बरा आसा.’ महिनाभर मी तुझ्याशी बोलले नाही. त्या महिन्यात मला कळलं की तू मला आवडतोस. घे, सांगितलं. आता काय करणार आहेस?

तुला ते ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. गावाला मात्र माझ्याआधी कळलं होतं.

आता त्या दिवसाचं. चार वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की चौकच्या लोकांनी तुला शपथ घ्यायला लावली. तुलाही तेच सांगितलं. भांडणात दहा वेळा सांगितलं. आज खरं लिहिते.

पाटलांचा नातू गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आकडी येऊन गेला होता. चार वर्षांचं पोर. पुढल्या श्रावणात कुणीतरी कुजबुज उठवली की मूर्ती बाटलेली होती. पाटील चौघा जणांना घेऊन आले, मागून पाटलीणकाकीही आल्या. पाट डोक्यावर होता, पण खाली ठेवत नव्हते. मी आत होते. काकी ओट्याशी शेजारणीला हळूच म्हणाल्या, ‘हिचा फिरंगी हाय जनू घरात.’ ‘हिचा’ म्हणाल्या. मी ऐकलं.

पाटील म्हणाले, ‘यमुने, लोक बोलत्यात. देवाचं डोळं त्या किरिस्तावानं काढलं म्हनं. माझं काय म्हननं नाय. तू सांग. तू नाय म्हटलंस की संपलं.’

मी म्हटलं, ‘नाही. आखणी भावोजींची.’

‘झालं तर मग,’ म्हणाले, आणि त्यांनी पाट खाली ठेवला. इनास, पाट खाली ठेवला होता त्यांनी! मंडळी वळलीसुद्धा. शाळा वाचली होती, माझं छप्पर वाचलं होतं. पण पाटलीणकाकी जाता जाता माझ्याकडे बघून हसल्या. एवढंसंच हसू, ओठांच्या कोपऱ्यातलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. मला वाटलं, ही आता चौकपर्यंत बैलगाडीत बसून माझी लक्तरं काढणार. विधवा बाई आणि तिचा फिरंगी. मला त्या क्षणी सगळ्यांना दाखवायचं होतं की तू माझा कुणी नाहीस. कुत्र्यासारखा हाकलता येईल असा गडी आहेस.

मी ओरडले, ‘थांबा. त्यालाच विचारा. घाला त्याला शपथ.’

पाटील म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे गं, कशाला?’ मी ऐकलं नाही. तुला बाहेर बोलावलं. यजमानांच्या हातची शेवटची मूर्ती कोनाड्यात होती, रोज फूल वाहायचे मी तिला, ती उचलून आणली आणि तुझ्यापुढे धरली. तू माझ्याकडे बघितलंस. फक्त माझ्याकडे. मी काकींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, ‘बघतोस काय? घे शपथ. तुझा देव थोडाच आहे तो? तुला काय होतंय?’

तू लगेच हात ठेवला नाहीस. रांजणाशी गेलास, हात धुतलेस, नखांतली माती काढलीस, सदऱ्याला हात पुसलेस. सगळे उभे. मला तेव्हा वाटलं, हा मुद्दाम वेळ काढतोय, मला जाळायला. मग आलास, गणपतीच्या पायावर हात ठेवलास आणि म्हणालास, ‘डोळ्यांना मी हात लावत नाही.’

मंडळी गेली. मी पदर खोचून म्हटलं, ‘चल, सुटलो. सात झालेत, बाकीचे आटप.’ त्या दिवशी सकाळपर्यंत तू सात गणपतींचे डोळे काढून ठेवले होतेस. तू पडद्याआड गेलास. मला वाटलं कामाला लागलास. बराच वेळ ‘हां’ ऐकू येईना म्हणून बघायला आले, तर तू ओलं फडकं घेऊन सातही गणपतींचे डोळे पुसत होतास. एकेक डोळा, हळूहळू, आंधळ्या माणसाचं तोंड धुवावं तसा. मी किंचाळले. तू म्हणालास, ‘शपथ घेतली न्हय, वैनी?’

‘अरे, ती लोकांसाठी!’

‘म्हूण कितें?’ म्हणालास आणि चाळण घेऊन मातीत जाऊन बसलास. घेतली तेव्हा ती शपथ खोटी होती. तू ती पुढून खरी करायला बसलास.

मला वाटलं, दोन दिवस रुसेल, मग येईल. गणपती जवळ आले, तू आला नाहीस. मी रडले, पाया पडले, शिव्या दिल्या. भावोजींनी दोन डोळे काढून बघितले आणि तिसऱ्याला कुंचला टाकून रडायला लागले. शेवटी पडद्याआड मीच बसले, विधवेचा हात घेऊन. त्या वर्षीचे गणपती कुणाकडेच बघत नव्हते. लोकांनी मुकाट्यानं नेले.

चार वर्षं, इनास. तू माती मळलीस, साचे भरलेस, अंगाचे रंग दिलेस, मुकुटांची सोनेरी नक्षी काढलीस, आणि डोळे आले की उठून जायचास. ‘बरं झालंय का, एवढं तरी सांग,’ म्हटलं की म्हणायचास, ‘हांव पळयना.’ बघतसुद्धा नव्हतास. मीही काय कमी केलं नाही. जेवायला हाक मारायची बंद केली. तुझं ताट ओटीवरून अंगणात काढलं. पावसात बसून जेवलास, उठला नाहीस. मी म्हणायचे, ‘पाद्रीचा गुलाम. खोट्या शपथेला तुमच्यात नरकात तळतात म्हणून भितोस, भित्र्या.’ तू नुसता भाकरी मोडायचास. एवढं मला झोंबलेलं काही आठवत नाही.

आणि माथेरान. उन्हाळ्यात तू वर जायचास, साहेबांच्या पोरांची चित्रं काढायला. चार पैशांपेक्षा तुला तिथल्या झाडीचा हिरवा आवडायचा. शपथेनंतरच्या उन्हाळ्यात एका मडमेनं आपल्या मुलीचं चित्र सांगितलं. तू झोपलेली मुलगी काढलीस. गाल, केस, झबल्याची लेस, सगळं हुबेहूब, आणि डोळे मिटलेले. मडम ते बघून बेशुद्ध पडायची बाकी राहिली. त्यांच्यात म्हणे मेलेल्या पोराचं चित्र तसं काढतात. तुला घोडेवाल्याकरवी खाली हाकललं. नेरळहून तू चालत आलास. मी दारात उभी राहून म्हटलं, ‘शपथ गणपतीच्या डोळ्यांची होती रे, मडमेच्या पोरीच्या नव्हे!’ तू म्हणालास, ‘हात तोच न्हय, वैनी?’ त्यानंतर तू माणूस काढलंच नाहीस. झाडं काढलीस, खडक काढलेस, स्टेशनवरच्या पाट्या रंगवल्यास. कर्जत-नेरळकडचे नाटकाचे पडदे रंगवणारे रंगारी तुला ‘आंधळा इनास’ म्हणायला लागले. मी त्यांना कधी गप्प केलं नाही. एकदा तर हसले.

या आषाढात तुला हिवताप आला. दर वर्षी यायचा, या वर्षी उतरला नाही. मागच्या पडवीत तू चटईवर, अंगावर माझी दोन लुगडी आणि भावोजींची घोंगडी, आणि तरी दात वाजत होते. मी काढे दिले, पाय चेपले. हो, चेपले, बघू दे लोकांना. पण मी तुझी सेवा केली एवढंच लिहून थांबले तर ती थाप होईल. शेवटच्या दिवशी दुपारी ताप जरा उतरला, तू डोळे उघडलेस, आणि मी काय केलं? उठून खारीच्या केसांचा तो तुझा बारीक कुंचला काळ्यात बुडवून आणला. कोरी मूर्ती आणली. कुंचला तुझ्या बोटांत घातला, वरून माझी मूठ वळली. म्हटलं, ‘इनास, एकच डोळा. ती खालची रेघ कशी फिरवतोस एवढं बघू दे. तू गेल्यावर मी काय करू?’

मरणाऱ्या माणसाला ‘तू गेल्यावर’ म्हटलं मी. आणि जोरसुद्धा केला. तुझ्या बोटांत ताकद नव्हती, माझ्यात होती, मी तुझा हात मूर्तीपर्यंत ओढत नेला. तू हात सोडवला नाहीस, तेवढा जोर तुझ्यात नव्हता. नुसते डोळे मिटून घेतलेस. कुंचला माझ्या मुठीतून तुझ्या छातीवर पडला, सदऱ्यावर काळा डाग पडला. मला इतका संताप आला की मी म्हटलं, ‘मर मग,’ आणि माती चाळायला निघून गेले. परत आले तेव्हा तू माझं ऐकलं होतंस.

तू गेल्यावर आठ दिवसांनी पाटलीणकाकी पाट घेऊन आल्या. यंदा पाटील आजारी आहेत म्हणून गड्याला घेऊन स्वतः आल्या. पाट टेकवून ओट्यावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘गेला गं बिचारा. आता डोळं कोन काढनार?’

मी म्हटलं, ‘डोळे भावोजी काढतात.’

‘व्हय व्हय,’ काकी म्हणाल्या. ‘माझ्याम्होरं तरी नको. पयल्या वर्सापासून म्हाईत हाय आमास्नी. देव आढ्याकडं बघाया लागला तवाच कळलं. बाबूला कुठली गं तेवढी अक्कल?’

मी हातातली चाळण खाली ठेवली. ‘आणि तरी नेत होतात?’

‘मंग? पेण काय लांब हाय? तिकडं गेलो नाय ते त्याच्या डोळ्यांपायी. माझी सासू आंधळी झाली व्हती, ती पन म्हनायची, ह्यो देव बघतोय बघ माझ्याकडं.’ काकींनी पानाची चंची काढली. ‘चार वर्सं झाली, आता तसा बघत नाय.’

‘मग त्या दिवशी कशाला आलात, काकी? त्याला कशाला शपथ...’

काकींनी माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. ‘पोर गेलं व्हतं आमचं. लोक बोलत व्हते. तुझ्या तोंडानं एक नाय ऐकलं की त्यांचं तोंड बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाय. शपथ कुनी मागितली व्हती? पाटील तर भाईर पडलं व्हतं.’

काकी गेल्या आणि मी तो पाट भिंतीला लावून ठेवला. मला कुणावर तरी जाऊन आदळायचं होतं. स्वतःवर आदळून मन भरेना. तेव्हा मला तुमचा पाद्री आठवला. महिन्यातून एकदा कल्याणहून येतो, रेल्वेच्या चाळीत तुमच्या लोकांची प्रार्थना घेतो. मी ठरवलं, हाच खरा. यानंच तुला नरकाचं भय घालून बांधून ठेवलं. यानं एक शब्द टाकला असता तर तू परत डोळे काढले असतेस. काल तो आला. मी छत्रीसुद्धा न घेता रूळ ओलांडून गेले. प्रार्थना सुटत होती. तुमच्या बाया माझ्याकडे टकमक बघत होत्या. मी दारातूनच सुरू केलं, ‘तुमच्या धर्मानं मारला इनासला! एका खोट्या शपथेपायी चार वर्षं त्याचा हात बांधून ठेवलात, तुमचा देव काय एवढा...’

पाद्री म्हातारा आहे. त्यानं मला बाकावर बसायला सांगितलं. मी बसले नाही.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘त्यानं मला पहिल्याच महिन्यात येऊन सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, मातीच्या मूर्तीवर हात ठेवून घेतलेली शपथ आम्ही शपथ धरत नाही. तू मोकळा आहेस, जा, काढ डोळे. दर महिन्याला सांगत होतो. शेवटी तर मी रागावलो त्याच्यावर. म्हटलं, त्या मूर्तीला इतकं मानणार असशील तर इथं येऊ नकोस.’

‘मग?’

‘मग तो यायचा बंद झाला.’

मी विचारलं, तो म्हणायचा तरी काय? पाद्रीनं तुझ्याच बोलीत सांगितलं. तू म्हणायचास, ‘पाद्री, तुमी सोडल्यार कितें जातलें? हात ताच्या पायांर दवरला. ताणें सोडूंक जाय.’ तुम्ही सोडून काय होणार? ज्याच्या पायावर हात ठेवला, त्यानं सोडायला हवं.

इनास, मी त्याच पावसात परत आले. शाळेत सगळे गणपती पाटांवर ओळीनं बसलेत, डोळ्यांविना कोरे. लहानपणापासून मी या देवाची माती तुडवत आले. साच्यातून त्याला उपटून काढलं, तडकला तेव्हा उकिरड्यावर टाकला, त्याच्या पायावर एका माणसाला खोटं बोलायला लावलं, आणि एकदाही मला त्याची भीती वाटली नाही. भावोजींना वाटली नाही. पाटलांना, काकींना, गावात कुणालाच वाटली नाही. या अख्ख्या शाळेत त्याला देव मानणारा तू एकटाच होतास. आम्ही बाकीचे नुसते मूर्ती विकणारे.